साडेतेरा किलोंचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात एक आठवडा आम्ही आमच्या घरातला कचरा तोलला. सकाळचा चहा झाला की ओल्या कचऱ्याची बादली आणि सुक्याची पिशवी मी बाल्कनीत नेत असे, आणि मुलाने परदेशी जाताना बॅगा तोलण्यासाठी आणलेल्या हातकाट्याला अडकवून आलेला आकडा वहीत मांडत असे. ह्यांनी पहिल्या दिवशी "शेजारी काय म्हणतील" असा चेहरा केला. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून काटा वाचायला स्वतःच पुढे आले. सूनबाईचे म्हणणे असे, की आई निवृत्त झाल्यापासून त्यांना मोजायला काहीतरी लागतेच. तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले, तेव्हा तिचेही खरे असेल. पण या उद्योगाला कारण वेगळे होते. ते पुढे सांगते.

माणसे आम्ही पाच, त्यातले एक दीड वर्षाचे. आठवड्याची बेरीज साडेतेरा किलो आली. म्हणजे माणशी, दिवसाला चारशे ग्रॅमच्या थोडे आत. त्यातले नऊ किलो ओले: भाज्यांची देठे, कांद्या-बटाट्यांची साले, चहाचा चोथा, मक्याच्या कणसांची पाने आणि बुरखुंडे, केळ्यांची साले. शनिवारी ह्यांना ताप आला म्हणून दोन शहाळी आणली, तर काटा एकदम दोन किलोंनी वर गेला! पाणी पेलाभर आणि सालाचे ओझे किलोभर. तेव्हापासून रस्त्यावरच्या शहाळेवाल्यापेक्षा त्याच्या मागचा ढीगच मला आधी दिसू लागला आहे.

पण शरम वाटली ती दुसऱ्याच एका आकड्याची. त्या नऊ किलोंत दीड किलो शिजवलेले अन्न होते. फ्रीजमध्ये चार दिवस मागे मागे सरकत गेलेली मटकीची उसळ, बाहेरून मागवलेल्या पुलावाचा अर्धा डबा, पाच-सहा पोळ्या. माझ्या आईच्या घरी शिळी पोळी टाकलेली मी पाहिली नाही; तिचा सकाळी कुस्करा व्हायचा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. फ्रीजने अन्न टिकवायला शिकवले असे म्हणतात. आमच्या घरात तरी त्याने अन्न टाकण्याचा दिवस तेवढा पुढे ढकलला आहे.

उरले साडेचार किलो. यात वर्तमानपत्रांची रद्दी नाही, ती आमच्याकडे वेगळी साठते. तरी पुठ्ठ्याची खोकी भरली दीड किलो. घरबसल्या मागवण्याची सवय लागली की वस्तूपेक्षा खोके मोठे येते. नातवाचे रात्रीचे डायपर सव्वा किलोच्या वर. प्लॅस्टिक पाऊण किलो. बाकी काच, पत्र्याचा डबा, टोपणे, संपलेल्या औषधांच्या पट्ट्या आणि केर. यात गंमत अशी, की वजनाला पाऊण किलो असलेल्या प्लॅस्टिकची पिशवीच सगळ्यात मोठी. डोळ्यांना विचाराल तर आमचा कचरा म्हणजे प्लॅस्टिक. काट्याला विचाराल तर भाजी.

हे आमच्याच घराचे वैशिष्ट्य आहे असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि नागपूरची 'नीरी' यांनी २००४-०५ मध्ये ५९ शहरांच्या कचऱ्याची पाहणी केली होती. त्यात पुण्याच्या कचऱ्यातला कुजणारा भाग शेकडा ६२ च्या आसपास आणि पुन्हा उपयोगात येण्याजोगा भाग सुमारे १७ निघाला. आमच्या घराचा ओला वाटा शेकडा ६६. शहराचा कचरा म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्यातले निम्म्याहून अधिक आपल्या ओट्यावरून गेलेले असते.

माझे बालपण कसब्यातल्या एका वाड्यात गेले. आजीच्या तोंडी 'कचरा' हा शब्द मी फारसा ऐकला नाही. ती म्हणायची केर. केर म्हणजे केरसुणीने निघतो आणि सुपलीत मावतो तो. पानात उरलेले ते खरकटे. त्याची बादली गवळी म्हशींसाठी न्यायचा. बंबातली आणि चुलीतली निघायची ती राख. ती चाळून पत्र्याच्या डब्यात जायची आणि काथ्याबरोबर भांडी घासायला यायची. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, त्याहून विटलेल्याचे पोतेरे. बरे कपडे बोहारणीकडे. वाण्याच्या पुड्यांची सुतळी एका रिळाला गुंडाळलेली असायची. रद्दी वेगळी, भंगार वेगळे, आणि देवावरून उतरलेली फुले म्हणजे निर्माल्य. ते तर केराला लागूच द्यायचे नाही. फुटकी काच मात्र आजोबा स्वतःच्या हाताने कागदात बांधत, वर सुतळी घालत आणि फळीवर उंच ठेवत. पोरांच्या पायात जाईल म्हणून.

प्रत्येक वस्तूला नाव निराळे, जागा निराळी आणि नेणारा माणूस निराळा. आज आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो आणि एकाच पिशवीत भरतो. मग २००० सालचे नियम येतात, २०१६ चे नियम येतात, ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करा म्हणून सांगतात, आणि आपल्याला वाटते की ही काही परदेशातून आलेली नवी कटकट आहे.

पूर्वीचे सगळे सोन्याचे होते, असे मला म्हणायचे नाही. त्याच वाड्यामागच्या बोळात टोपलीचे संडास होते. ती टोपली डोक्यावरून नेणारी बाई दुपारी पाणी मागायची, तेव्हा आजी तिच्या ओंजळीत वरून धार धरायची. तांब्या हातात द्यायची नाही. नाव निराळे, जागा निराळी हा नियम वस्तूंपुरता थांबलेला नव्हता, आणि त्या काळाची आठवण काढताना हे गाळून काढली तर ती खोटी होईल.

राखेवरून एक आकडा सांगण्यासारखा आहे. आज जिला आपण 'नीरी' म्हणतो, त्या संस्थेने १९७१ ते ७३ या काळात देशातल्या शहरांचा कचरा तपासला होता. त्यात जवळजवळ निम्मा भाग राखेचा आणि बारीक मातीचा निघाला होता! प्लॅस्टिक शेकडा एकसुद्धा नव्हते. १९९५ च्या आकड्यांत प्लॅस्टिक चारच्या घरात गेले आणि राख-माती चाळिसावर उतरली. घरोघरी गॅस आला, बंब माळ्यावर गेले, सारवलेल्या जमिनींच्या जागी फरशी आली. राख गेली, माती गेली आणि ओल्याचा वाटा शेकड्यात वाढला. शेकडेवारीचा हा स्वभाव मी सातवीच्या मुलांना शिकवत असे: एक वजा झाले की दुसऱ्याचा हिस्सा आपोआप फुगतो. मूळ आकडा मात्र तपासायला हवा. राख गेली म्हणून आपला कचरा कमी झाला का? नाही. तिची जागा अशा वस्तूंनी घेतली, ज्यांची नावे आजीला ठाऊक नव्हती.

लहानपणी आमच्याकडे दूध काचेच्या बाटलीत यायचे आणि रिकामी बाटली परत जायची. तेल आणायला किटली घेऊन जावे लागे. मग पिशवी आली, ऐंशीच्या दशकात एका न्हाणीपुरती शाम्पूची पुडी आली, आणि आता आतून चकाकणारी पाकिटे. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचा तलम थर एकमेकांना चिकटवलेली ही पाकिटे सोलून वेगळी करणे कोणाला परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली. कारखान्यातून भरून येणारी पाकिटे तिच्या बाहेर राहिली. मला बाजारात कापडी पिशवी न्यायची आठवण करून दिली जाते आणि तिच्यात मी बारा पाकिटे भरून आणते. असो.

या वस्तू सुट्या असतील तर त्यांच्यात घाण म्हणावे असे फार थोडे आहे. कांद्याची साल घाण नाही, पुठ्ठा घाण नाही. उसळीचे पाणी पुठ्ठ्यावर सांडले की दोन्हींची घाण होते. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही, आणि काच-प्लॅस्टिक मिसळलेल्या सालींचे खत कोणी शेतकरी घेत नाही. बांधलेल्या पिशवीतून ढिगाच्या पोटात गेलेल्या ओल्याला हवा मिळत नाही. ते कुजून मिथेन वायू होतो, आणि मिथेन पेट घेतो. खालून जे काळे पाणी झिरपते ते विहिरींना लागते. पुणेकरांनी हे पाहायला फार लांब जायला नको. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे तो वास आणि ते पाणी सोसले. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी पुण्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे शहराचा कचरा शहरातच कोपऱ्याकोपऱ्यावर साठत गेला. त्या दिवसांत आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून फिरत होतो आणि महापालिकेला शिव्या देत होतो. आपण जे तीन आठवडे सोसले ते तिथली माणसे जन्मभर सोसतात, ही गोष्ट मात्र आमच्या जिन्यातल्या गप्पांत एकदाही निघाली नाही. मीही काढली नाही.

सगळे जाळून वीज करा, असे सांगणारे लोक नेहमी भेटतात. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्राने असा कारखाना उभा राहिला होता. रोज तीनशे टन कचरा जाळायचा बेत होता. तो जेमतेम तीन आठवडे चालला. भट्टी ज्या कचऱ्याच्या हिशेबाने बांधली होती, तसा कचरा दिल्लीचा नव्हताच. त्यात पाणी आणि माती इतकी, की तो धड पेटेना. भट्टी घालण्याआधी बादलीत काय आहे ते पाहायला हवे होते. पुण्याच्या कचऱ्यातही त्या २००४-०५ च्या पाहणीत पाण्याचा अंश शेकडा साठहून अधिक निघाला होता. पाणी जाळायला कोण निघाले आहे, हे विचारायला अभियंता असावे लागत नाही.

आता मूळ कारण.

आमच्या इमारतीचा कचरा न्यायला एक बाई येतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणते, आणि त्या मला काकू म्हणतात. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आल्या आणि उकिरड्यांवरून कागद वेचू लागल्या. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या पाठबळाने कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हा त्या तिच्या सभासद झाल्या. संघटनेचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. वर्गवारी नावातच आहे! पुढे २००८ मध्ये कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेऊ लागली, आणि सासूबाईंच्या जागी सूनबाई आल्या.

जून महिन्यात मावशी आठ दिवस आल्या नाहीत. त्यांची जाऊ यायची. चौकशी केली तेव्हा वॉचमन म्हणाला, "काच लागली हाताला, टाके पडलेत." मी हळहळले. दोन दिवसांनी भांड्यांच्या मांडणीत सहाचे पाच पेले दिसले आणि पोटात खड्डा पडला. सहावा मीच फोडला होता, आणि घाईत, सुक्या कचऱ्याच्या पिशवीत पुठ्ठ्याखाली सारला होता. आजोबांच्या त्या सुतळी बांधलेल्या पुडीची आठवण मला तेव्हा झाली नाही.

मावशी परत आल्या तेव्हा मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "माहीत होतं काकू. तुमच्याच पिशवीतली होती."

"कशावरून?"

"पिशवी बघून कळतं. तिसऱ्या मजल्यावर इंजेक्शनच्या सुया असतात, त्या पिशवीला मी जपून हात घालते. दुसऱ्या मजल्यावर महिन्याअखेर बाटल्या. तुमची पिशवी चांगली असते, म्हणून बघितलं नाही."

काटा लावून जे आम्हाला आठवड्यात कळले, ते त्यांना पंधरा-सोळा घरांचे तोंडपाठ आहे. कोणाकडे मधुमेह आहे, कोणाकडे बाळ झाले, कोणाचे पेन्शन वेळेवर आले नाही. आपण दार लावून घेतो आणि आपल्या घरातले कोणाला ठाऊक नाही असे समजतो.

आणि सुया काय किंवा बायकांचे पॅड काय, ते उघडे टाकणारी माणसे अडाणी नाहीत, चांगली शिकलेली आहेत. पॅड कागदात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढा, एवढेच 'स्वच्छ'च्या बायका मागत आल्या आहेत. ठिपका दिसला की ती पुडी उघडायची नाही. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेली पॅड पोत्यात भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. पॅडबरोबर ते गुंडाळायला पाकीट देण्याची गोष्ट २०१६ च्या नियमांत आली. ठिपका काढायला तांबडे पेन लागते, आणि ते शाळेत जाणारे मूल असलेल्या प्रत्येक घरात असते.

याच सुमारास सोसायटीच्या सभेत मावशींच्या महिन्याच्या पैशांत घरटी दहा रुपये वाढ करण्याचा विषय आला. लिफ्टच्या दुरुस्तीचे लाखभर रुपये जिथे पाच मिनिटांत मंजूर झाले, तिथे या दहा रुपयांवर पाऊण तास चर्चा झाली. एक सद्गृहस्थ म्हणाले, "त्यांना आपल्या कचऱ्यातून पैसे मिळतातच की. खरे तर त्यांनीच आपल्याला द्यायला हवेत." बरेच जण हसले. मला उत्तर देता आले नाही, कारण आपल्या कचऱ्यात विकण्यासारखे किती असते हे मलाच ठाऊक नव्हते. घरी येऊन मी काटा शोधला. हे ते कारण.

तर हिशेब असा. आमच्या साडेतेरा किलोंत विकले जाईल असे, म्हणजे कोरडा पुठ्ठा, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, डबा, बाटली, जाड प्लॅस्टिक, सगळे मिळून अडीच किलोसुद्धा भरत नाही. तेही कोरडे राहिले तर. बाकीचे अकरा किलो, म्हणजे साली, डायपर, चकाकणारी पाकिटे आणि केर, मावशी केवळ वाहून नेतात. त्याचा त्यांना बाजारात एक पैसा मिळत नाही. आपण जे महिन्याला देतो ते या अकरा किलोंसाठी, गुणिले घरे, गुणिले आठवडे. आणि उसळ पुठ्ठ्यावर ओतली की त्या अडीच किलोंतलाही किलोभर आपण त्यांच्या हातातून काढून घेतो. दर रविवारी कोणी आपल्या पगारातली नोट भिजवून परत देऊ लागला तर आपल्याला कसे वाटेल?

पुढच्या सभेत मी वही घेऊन गेले. फळ्यावर मांडावे तसे मांडले. सद्गृहस्थ म्हणाले, "बाईंनी गृहपाठ केलाय." वाढ मंजूर झाली, दोन जण विरोधात. ओल्या कचऱ्यासाठी मागच्या अंगणात विटांचा हौद करायचेही ठरले. तो झाला, पहिले तीन आठवडे भयंकर वासला, कारण त्यात वाळका पालापाचोळा घालायचा असतो हे कोणी लक्षात घेतले नव्हते. आता बरा चालला आहे. शहाळी त्यात लवकर कुजत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या सुया अजून येतात. मी एकदा बोलून आले, पुन्हा जाणार आहे.

परवा लोणच्याची बरणी फुटली. मी तुकडे वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधले, सुतळी मिळाली नाही म्हणून जुन्या पोलक्याची पट्टी गुंडाळली, वर तांबड्या पेनने मोठा ठिपका काढला आणि मावशी आल्यावर पुडी त्यांच्या हाती दिली. "काच आहे," मी म्हटले. घ्यायला त्यांनी उजवा हात पुढे केला, मग थांबल्या आणि डाव्या हाताने घेतली.